दोन माणसांची गाडी

गाडी घेण्याआधी बायकोने मला एकच प्रश्न विचारला होता. आधी किती चालली आहे ते विचारलं नाही, लालच का ते विचारलं नाही, मागे सीट का नाही हेसुद्धा विचारलं नाही. "आईकडे जाईल ना?" एवढंच. मी म्हटलं, "अगं, ही गाडी तासाला दोनशेने जाते." आता शांतपणे विचार केला तर हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण तेव्हा मला ते फार चोख उत्तर वाटलं, आणि ती गप्प बसली. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर, बायको गप्प बसली म्हणजे तिला पटलं असं समजणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मी डाय बनवतो. सोनार ज्या पोलादी साच्यावर पत्रा ठोकून दागिन्याची नक्षी उठवतात, तो साचा म्हणजे डाय. आमच्या डहाणू-चिंचणीच्या पट्ट्यात हे काम घरोघर चालायचं, माझ्याकडे अजून चालतं. केसाएवढी चूक झाली तरी अख्खा ठोकळा फुकट जातो. रोज डोळ्याला भिंग लावून केस मोजणाऱ्या माणसाने गाडीच्या पोटाखाली किती जागा आहे ते न मोजता गाडी घ्यावी, याला हौस म्हणतात. मोजली मी, पण घरी आणल्यावर. चार बोटं भरली. तीसुद्धा बायकोची, माझी साडेतीनच.

विकणारा मुंबईचा. किनाऱ्यावर त्याचा बंगला आहे, सुट्टीत येतो. गाडी परदेशी बनावटीची, दोन दारं, दोन सीट आणि नाक असं पुढे आलेलं की समोरच्याला वाटावं, ही काहीतरी हुंगतेय. तो म्हणाला, "भाई, कंबर गेली म्हणून काढतोय, नाहीतर कोण विकतं अशी गाडी?" कंबर कशाने गेली हे त्याला विचारायला हवं होतं. मी नाही विचारलं. शाळकरी वयात हायवेवरून अशी एक गाडी अहमदाबादच्या दिशेने जाताना मी पाहिली होती, आणि त्यानंतरची चाळीस वर्षं मी तिच्या मागेच धावत होतो. पन्नाशीत ती थांबली. मग कंबर-बिंबर कोण विचारतो?

अंगणात जागा व्हावी म्हणून मी जुनी मोटरसायकल विकली. ही दुसरी चूक, आणि खरं तर मोठी चूक हीच. कारण ती मोटरसायकल थेट सासूबाईंच्या दारात जायची.

सासूबाईंचं गाव तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या बाजूला. भात आणि नाचणी यांच्यावर जगणारं. हायवे सोडला की बरंच अंतर डांबर आहे, मग एक वळण, एक मोठा ऐनाचा वृक्ष, आणि तिथे डांबर संपतं. म्हणजे फाटत फाटत जात नाही, एकदम संपतं, कुणीतरी कात्रीने कापल्यासारखं. तिथून पुढे दीड किलोमीटर दगड, एक ओढा, पुन्हा दगड आणि मग घरं. माझी बायको तिथे जन्मली. बाप लवकर गेला. भाऊ सिल्वासाला कारखान्यात, रविवारी जमलं तर येतो. आई एकटी राहते आणि शेत सोडून कुणाकडेच राहायला तयार नाही. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी आईला बघून येणं ही बायकोची एकमेव चैन होती. साडी नको, सोनं नको. आईकडे न्या, एवढंच.

पहिल्या फेरीला मी गाडी धुऊन-पुसून, बोनेटवर हार घालून निघालो. डहाणू ते चारोटी नाक्यापर्यंत जितके गतिरोधक आहेत तितक्या वेळा मी देवाचं नाव घेतलं. असल्या गाडीला गतिरोधक सरळ ओलांडता येत नाही. तिरकी घालायची, एकेक चाक चढवायचं, एकेक उतरवायचं, म्हातारी पायरी उतरते तसं. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवत आणि आशागडपाशी एक सायकलवाला मला ओव्हरटेक करून गेला. जाताना त्याने वळून पाहिलं, हसला नाही. हसला असता तर परवडलं असतं. हायवेवर मात्र मी तिला सोडली. बायकोने दोन्ही हातांनी सीट धरली आणि तलासरीपर्यंत एक शब्द बोलली नाही. माझ्या मते ती थक्क झाली होती.

मग ऐनाचं झाड आलं. डांबर संपलं. मी पुढचं चाक पहिल्या दगडावर घेतलं आणि खालून असा आवाज आला की माझ्या दातांना कळ लागली. मी गाडी मागे घेतली, झाडाखाली लावली आणि म्हणालो, "इथून चालत जाऊ. हवा छान आहे."

बायको म्हणाली, "मोटरसायकल दारात जायची." हवेबद्दल ती काहीच बोलली नाही.

आता सासूबाईंबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्यांच्या घरची रीत अशी की सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. पदर कपाळापर्यंत, नजर जमिनीवर, आणि शब्द तिसऱ्याच्या हवाली. मी दोन हातांवर बसलेला असायचो आणि त्या लेकीला म्हणायच्या, "जावयाला सांग, भाकर निवते." मी म्हणायचो, "आईंना सांग, पोट भरलं." बायको मधे बसून दोघांचं काहीच न सांगता जेवत असायची, कारण दोघांनाही ऐकू आलेलंच असायचं. बायको पाण्याला गेली असेल तर निरोप मांजराला जायचा. मांजर नसेल तर चुलीला. "चुली गं, जावयाला सांग, भाईर ऊन हाय, निजा जरा." बावीस वर्षांत त्या माझ्याशी एक शब्दही थेट बोलल्या नाहीत, आणि खरं सांगतो, माझ्याशी इतकं गोड दुसरं कुणीच बोललं नाही. जीभ मात्र तिखट. डोक्यावर पदर असला की माणूस गरीब समजायचं, ही शहरी सवय. त्या पदराखाली काय चाललेलं असायचं ते मला पुरतं ठाऊक होतं.

त्या दिवशी गाडी बघायला त्या स्वतः दीड किलोमीटर चालत आल्या. पाड्यावरची आणखी पंधरा-वीस माणसं आली. सासूबाईंनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, वाकून खाली पाहिलं, उठताना गुडघ्यावर हात ठेवला आणि लेकीला म्हणाल्या, "जावयाला इचार, ही गाडी आपल्याकडं येल, का आपणच हिच्याकडं जावाचं?"

सगळा पाडा हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार? पण पुढे तेच झालं. आम्ही येणार असं फोनवर कळलं की सासूबाई सकाळीच काठी घेऊन निघायच्या, ऐनाखाली येऊन बसायच्या, बरोबर नाचणीचं पीठ, वालाच्या शेंगा, कधी डब्यात रानभाजी. आम्ही पोचेपर्यंत त्यांना येऊन अर्धा तास झालेला असायचा. मी लेकीला त्यांच्याकडे नेत नव्हतो, त्यांनाच लेकीकडे चालवत आणत होतो. बायको मला म्हणाली, "सत्तरीच्या बाईला चालवता तुम्ही. तुमच्या गाडीला लागू नये म्हणून तिच्या गुडघ्यांना लागलं तरी चालतं." मी चिडलो. खरं बोललेलं मला सहन होत नाही, हा माझा जुना आजार आहे. मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत ही गाडी तुझ्या आईच्या दारात उभी करतो की नाही बघ." कोणती दिवाळी ते सांगितलं नाही.

तिथून माझा खरा संसार सुरू झाला, गाडीबरोबरचा. कासाला एक मिस्त्री आहे. आयुष्यभर ट्रॅक्टर आणि वडाप जीपगाड्या दुरुस्त करणारा. मुंबईच्या कारागिरांनी मला दोन-दोन महिन्यांनंतरच्या तारखा दिल्या होत्या, म्हणून मी त्याच्याकडे गेलो. त्याने बोनेट उघडलं, पाच मिनिटं आत बघत राहिला आणि म्हणाला, "इंजिन म्हणजे इंजिन. हिला फक्त माज जास्त आहे." मला तो माणूस तिथेच आवडला. त्याने स्प्रिंगांच्या वर ट्रॅक्टरच्या जाड रबराचे ठोकळे कापून बसवले. गाडी दोन बोटं उचलली गेली. आता ती सहा बोटांची झाली, आणि दिसायला म्हणाल तर परकर वर धरून ओढा ओलांडणाऱ्या बाईसारखी. वळणावर डोलायला लागली. हायवेवर शंभरच्या पुढे गेलं की स्टिअरिंग हातात कथकली करायचं. म्हणजे दोनशेची गाडी ऐंशीची झाली, आणि तरीही ओढा ओलांडेना. पहिल्या दगडाऐवजी तिसऱ्या दगडावर आपटली, एवढीच प्रगती. घर का ना घाट का, असं तिचं झालं.

मग गंज आला. आमच्याकडे समुद्राची हवा लोखंड खाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि आता सततच्या घासण्याने पोटाखालचा रंग निघून गेला होता. मी चिंचणीला एका ओळखीच्या होडीवाल्या दादांकडे गेलो, सल्ला विचारायला. ते म्हणाले, "त्यात काय? आमचे आजे होडीला माशाचं तेल पाजायचे. लाकूड चाळीस वर्षं कुजलं नाय." लाकूड आणि लोखंड यात फरक असतो हे मला सुचलं नाही असं नाही. पण दादांचा आवाज असा होता की वाटलं, चाळीस वर्षं! त्यांनी कुठूनतरी जुन्या पद्धतीचं तेल मिळवलं, मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं. ते काळं, दाट तेल आम्ही दोघांनी मिळून गाडीच्या पोटाला दोन हात चोपडलं. दादांनी ते अगदी मनापासून केलं, होडी समुद्रात लोटण्याआधी करतात तसं. शेवटी नारळसुद्धा फोडला.

गंज थांबला की नाही ते मला आजही सांगता येणार नाही, कारण त्यानंतर महिनाभर खाली वाकून बघायची माझी हिंमत झाली नाही. उन्हात उभी केली की वास दोन गल्ल्या ओलांडायचा. मांजरं बोनेटवर नव्हे, गाडीखाली झोपायची, चाटत चाटत. आशागडच्या चढावर कुत्री मागे लागायची, आणि ऐंशीची गाडी त्यांच्या तावडीत सापडायची. शेजारच्या काकू, अट्टल मासेखाऊ, त्यासुद्धा म्हणाल्या, "भाऊ, सुकटीचा धंदा सुरू केलात काय?" ऐनाखाली सासूबाईंनी नाकाला पदर लावला आणि लेकीला म्हणाल्या, "जावयाला इचार, गाडी हाय का होडी? होडी आसल तर वढ्यातनं येल." हे वाक्य मला इतकं लागलं की मी त्या दिवशी रागाने खरंच ओढ्यात घालायला निघालो होतो. बायकोने किल्ली काढून घेतली.

ही सगळी खटपट मी आनंदाने करत होतो, हे कबूल केलं पाहिजे. रविवारी सकाळी गाडीखाली पाठीवर झोपून नट आवळताना मला जे सुख मिळायचं ते कुठल्याही साच्यात उठवता येणार नाही. फक्त त्या सुखाचा आणि सासूबाईंच्या दाराचा संबंध दिवसेंदिवस तुटत चालला होता. बायकोने माझी वाट बघणं सोडलं. ती डहाणूहून बसने, मग वडाप जीपने, मग चालत, अशी एकटीच आईकडे जाऊ लागली. मी म्हणायचो, "थांब, पुढच्या महिन्यात मिस्त्री आणखी एक बोट उचलतोय." ती पिशवी घ्यायची आणि निघायची. सासूबाई आता ऐनापर्यंत येऊ शकत नव्हत्या. त्यांना धाप लागायची. कासाच्या रुग्णालयात दाखवलं होतं, औषधं चालू होती, आणि पायांवर सूज होती. बायको एकदाच म्हणाली, "मोटरसायकल असती तर आठवड्याला गेले असते." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मग तो दिवस आला. बायको दोन दिवसांपूर्वीच आईकडे गेली होती. सकाळी सातला फोन. आईला श्वास घेता येत नाही. रुग्णवाहिकेला फोन केला आहे पण ती लांबून येतेय. पहाटेची जीप निघून गेली आहे, पुढची दहाशिवाय नाही. "तुम्ही निघा," ती म्हणाली. आजवर गाडीबद्दल ती चांगला शब्द बोलली नव्हती, आणि त्या सकाळीही बोलली नाही. फक्त निघा म्हणाली.

मी निघालो. गतिरोधक सरळ घेतले. गाडी आपटत होती, मी शिव्या देत होतो, तिला आणि स्वतःला. हायवेवर ऐंशीच्या पुढे काटा नेला, स्टिअरिंग थरथरत होतं, मी घट्ट धरून ठेवलं. ऐनाचं झाड आलं, डांबर संपलं, आणि मी थांबलो नाही. पहिला दगड गेला. तिसरा गेला. ओढ्याला पाणी घोट्याएवढंच होतं. मी गाडी त्यात घातली आणि ती पलीकडे निघाली. दोन वर्षं जे जमलं नव्हतं ते त्या दिवशी जमलं, कारण त्या दिवशी मी गाडी वाचवत नव्हतो. किती सोपं होतं ते! काठ चढताना खालून मोठा आवाज झाला, काहीतरी तुटून पडलं, आणि इंजिन एकदम गर्जायला लागलं. सायलेन्सर मुळापासून तुटून ओढ्यात राहिला होता. मी वळूनही पाहिलं नाही.

समोरून ते येत होते. चौघांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली होती, त्यात सासूबाई. मागून बायको अनवाणी धावत. माझ्या गाडीचा आवाज असा होता की सगळे हातवारेच करत होते. आम्ही त्यांना उचलून सीटवर बसवलं, सीट मागे कलती केली, म्हणजे श्वास घेता यावा. बायकोने पट्टा लावला, पदर नीट केला, पाय आत घेतले. मग ती उभी राहिली आणि तिने गाडीत पाहिलं.

दोन सीट. एकीवर आई, दुसरीवर मी.

ती दार धरून उभी होती. मधे गिअरचा दांडा, मागे काच, आणि काचेमागे दोन पिशव्या मावतील एवढी जागा. तिने आईच्या पायांशी बसता येईल का ते वाकून पाहिलं, एक पाय आत घालूनही पाहिला. दार लागेना. तिला गाडी चालवता येत नाही. मी तिला शिकवतो शिकवतो म्हणत होतो, पण ही गाडी नाजूक आहे म्हणून शिकवली नव्हती. ती ओरडून म्हणाली, "न्या. मी येते मागून." ओठांवरून कळलं. दार लावून तिने टपावर हात आपटला आणि मी निघालो. आरशात ती धावत येताना दिसली, ओढ्यापर्यंत.

ऐनापाशी डांबर लागलं आणि सासूबाई बोलू लागल्या.

आधी मला वाटलं, कण्हतायत. मग पाहिलं, तर त्यांनी उजवा हात उचलून समोरच्या फळीवर ठेवला होता, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि त्या गाडीशी बोलत होत्या. तिसरं कुणी नव्हतं ना. लेक नव्हती, मांजर नव्हतं, चूल नव्हती. म्हणून त्या गाडीला सांगत होत्या, जावयाला सांग म्हणून. ओठ हलताना दिसत होते. डोळे उघडे होते. मधेच थांबून श्वास घ्यायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. त्या हसत होत्या. एकदा तर त्यांनी फळीवर दोनदा थोपटलं, काहीतरी ठासून सांगतात तसं.

मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

मी कान त्यांच्याकडे नेला. "आई, काय म्हणता?" मी ओरडलो, म्हणजे थेट त्यांनाच विचारलं, रीत मोडून. त्यांनी मान खाली घातली आणि पदर ओढला, तशा अवस्थेतही. आणि पुन्हा गाडीशी बोलू लागल्या. मला इंजिन बंद करता आलं असतं. रस्त्याकडेला दोन मिनिटं. पण पंधरा दिवसांपासून हिला नवं दुखणं जडलं होतं, गरम असताना बंद केली की अर्धा तास चालू व्हायची नाही. मी मिस्त्रीकडे जाणार होतो पुढच्या रविवारी. म्हणून मी बंद केली नाही. चालवत राहिलो, त्या बोलत राहिल्या, पार चारोटीच्या अलीकडेपर्यंत. मग हात फळीवरून मांडीवर आला.

कासाला रुग्णालयात सगळे धावत आले, आवाजच तसा होता. त्यांना आत नेलं, प्राणवायू लावला, सुया लावल्या. जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. बायको दोन जीपा बदलून पोचली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. माझं तोंड पाहून तिला कळलं. त्यांना जाऊन वीस मिनिटं झाली होती.

दिवस झाले, बारावा-तेरावा झाला, मेहुणा सिल्वासाला परत गेला. बायको रडायची ती रडली. मग एका दुपारी मी भिंग लावून काम करत असताना ती दारात आली आणि म्हणाली, "वाटेत आई काही बोलली?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, आणि मी उत्तर कोरून ठेवलं होतं. "हो," मी म्हणालो. "म्हणाल्या, माझ्या पोरीला सांभाळा."

बायको आत येऊन माझ्यासमोर बसली. "माझी आई असं बोलेल?" ती म्हणाली. "सत्तर वर्षांत ती कधी असं बोलली नाही. आणि तुमच्याशी? खरं सांगा."

मग मी खरं सांगितलं. त्या खूप बोलल्या, गाडीशी बोलल्या, आणि मला काही ऐकू आलं नाही. मी गाडी का थांबवली नाही तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं.   तिने विचारलं, "हसत होती?" मी म्हटलं, "हो." हे तिने तीनदा विचारलं.

"एवढीशी गाडी," ती म्हणाली, "आणि आतल्या आत ऐकू येत नाही? शेजारी बसलेल्या माणसाचं? मला नाही पटत."

गाडी अंगणात तशीच होती. मी तिला हात लावला नव्हता, सायलेन्सर नवीन बसवला नव्हता. बायको पायरी उतरली, डावीकडचं दार उघडून आईच्या जागेवर बसली. मी जवळ गेलो. ती म्हणाली, "चालू करा."

मी बसलो, किल्ली फिरवली. अंगण हादरलं. शेजारच्या काकू खिडकीत आल्या आणि परत आत गेल्या. बायकोने उजवा हात उचलून फळीवर ठेवला, मी सांगितला होता तसाच, आणि ती बोलू लागली. समोर बघत. बराच वेळ बोलली. मधे तिने डोळे पुसले, मधे एकदा माझ्याकडे मान वळवून काहीतरी रागाने बोलली, मग पुन्हा समोर बघून. मी तिच्या ओठांकडे बघत होतो. चोवीस वर्षांत तिने माझ्याजवळ इतकं सलग काही बोललेलं मला आठवत नाही. मग ती थांबली आणि हाताने खूण केली. मी गाडी बंद केली आणि उतरून तिच्या दाराशी गेलो.

"ऐकू आलं?"

"नाही," मी म्हणालो. "काय म्हणालीस?"

"खरंच ऐकू येत नाही," ती म्हणाली, आणि मी उठवावं म्हणून माझ्याकडे हात पुढे केला.